सही करण्याआधी फीपत्रक वाचा!

दिवाळी सरली की आपल्या समाजातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला कुठल्या शाळेत घालायचे? पूर्वी या प्रश्नाला फारसे पर्याय नव्हते. जवळची नगरपालिकेची शाळा, नाहीतर एखाद्या संस्थेचे हायस्कूल. आज मात्र कल्याणपासून पिंपरीपर्यंत आणि नाशिकपासून नागपूरपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘इंटरनॅशनल’ शाळांचे फलक लागले आहेत. बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात, आयटी कंपन्यांत नोकरी करणारी आपली दुसरी-तिसरी पिढी त्या फलकांकडे पाहते आहे. आई-बाप दोघेही कमावते आहेत. आपल्या वाट्याला आली तशी शाळा लेकराच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांना वाटते. ते अगदी रास्त आहे.

यावर आपल्याच माणसांत दोन तट पडलेले आम्ही पाहतो. एक तट म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, समाजापासून तुटण्याचा हा मार्ग आहे. दुसरा तट म्हणतो, कर्ज काढू, पण पोराला तिथेच घालू. आम्हाला दोन्ही तट अर्धवट वाटतात. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्या समाजातल्या कुणालाही ‘एवढी मोठी शाळा तुला कशाला?’ असे विचारण्याचा अधिकार कुणालाच नाही. आपल्या माणसाला तर नाहीच नाही. पण फलकावरचा शब्द वाचून, फीपत्रक न वाचता, बारा वर्षांच्या बांधिलकीवर सही करणे हेही शहाणपणाचे नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. ते शिकणे पोराच्या पहिलीच्या वर्गात सुरू होत नाही. ते शाळेच्या कचेरीत, आई-बापाच्या हातात फीपत्रक पडते तेव्हाच सुरू होते.

पहिला प्रश्न नावाचा. शाळेच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ असले म्हणून शाळा आंतरराष्ट्रीय होत नाही. ही पाटी लावणाऱ्या कित्येक शाळा प्रत्यक्षात सीबीएसई, आयसीएसई किंवा आपल्याच राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतात. त्यात वाईट काही नाही, पण मग नुसत्या नावासाठी जादा पैसे का मोजायचे? परदेशी मंडळे आपल्याकडे प्रामुख्याने दोन. एक इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी. ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. दुसरे केंब्रिज, ज्याची दहावीच्या तोडीची परीक्षा आयजीसीएसई म्हणून ओळखली जाते. आयबीची मान्यता मिळण्याआधी शाळा ‘कॅन्डिडेट’ म्हणजे उमेदवार शाळा असते. उमेदवार असणे म्हणजे मान्यता मिळणे नव्हे, आणि ती मिळेलच याची हमीही नाही. म्हणून कचेरीत पहिला प्रश्न हाच विचारा : शाळा कुठल्या मंडळाशी संलग्न आहे, कुठल्या इयत्तेपर्यंत आहे, आणि त्याचा कागद कुठे आहे? दोन्ही मंडळांच्या मान्यताप्राप्त शाळांची यादी सर्वांना पाहता येते. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकही मागा. ज्या शाळेला हे विचारलेले आवडत नाही, तिला पैसे देण्यापूर्वी शंभरदा विचार करा.

दुसरा प्रश्न अर्जाचा. प्रवेश अर्जासोबत नोंदणी शुल्क घेतात, ते बहुधा परत मिळत नाही. चार शाळांत अर्ज केला की चार वेळा ते जाते. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे असते. आई-बापाला ‘भेटायला’ बोलावतात. शिक्षण किती, नोकरी कुठे, घर स्वतःचे की भाड्याचे, घरात कुठली भाषा बोलता, असे प्रश्न गोड आवाजात विचारले जातात. आडनाव तर अर्जावर असतेच. हातात चहाचा कप देऊन घेतलेली ही परीक्षाच असते. आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १३ ने ती बंद केली आहे. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. डोनेशन घेतले तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. डोनेशनबंदीचा आपल्या राज्याचा स्वतंत्र कायदा तर १९८७ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २००९ चा कायदा लागू होत नाही, म्हणून शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे.

आता प्रत्यक्ष फीपत्रक. आमच्याकडे अनेक पालक ते घेऊन येतात आणि बोट ठेवतात ते एकाच आकड्यावर : वार्षिक शिक्षण शुल्क. बाकीच्या ओळी त्यांनी वाचलेल्याच नसतात. खरे अर्थशास्त्र त्या बाकीच्या ओळींत दडलेले असते. प्रवेश शुल्क एकदाच द्यायचे, पण परत न मिळणारे. अनामत परत मिळणारी, पण कधी, किती दिवसांत, काय कापून, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले. सत्र शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा, संगणक. मग बस, जेवण, गणवेश, ठरावीक दुकानातलीच पुस्तके, टॅब किंवा लॅपटॉप, सहली. दहावीला आणि बारावीला परदेशी मंडळाचे परीक्षा शुल्क वेगळे. केंब्रिजकडे ते विषयागणिक आकारले जाते. शाळा मध्येच सोडायची तर आधी किती महिने कळवायचे, न कळवल्यास कुठल्या सत्राची फी बुडणार, हप्ता चुकला तर व्याज किती, हे सारे त्याच पत्रकात असते. प्रत्येक ओळीपुढे तीन शब्द लिहून घ्या : एकदा की दरवर्षी, परत मिळणारे की न मिळणारे, सक्तीचे की ऐच्छिक. तोंडी उत्तर चालणार नाही. लेखी मागा आणि प्रत्येक पावती सांभाळा.

मग पाटी-पेन्सिल घेऊन बसा. अशा शाळांची फी वर्षाला दोन-तीन लाखांपासून दहा लाखांच्या पुढेही जाते. समजा, पहिलीची फी वर्षाला ४ लाख आहे आणि ती दर दोन वर्षांनी केवळ १० टक्क्यांनी वाढते. पहिली ते बारावीची बेरीज होते सुमारे ६१ लाख ७२ हजार रुपये. यात बस नाही, जेवण नाही, लॅपटॉप नाही, परीक्षा शुल्क नाही. आणि घरात दुसरे लेकरू असेल तर हा आकडा दुप्पट. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १ जानेवारी २०२४ पासून एका मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे शिक्षण भत्ता लागू झाला, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये. या भत्त्यात आपल्या उदाहरणातली एका महिन्याची फीसुद्धा जेमतेम भागते. बाकी अकरा महिने कुठून आणणार? गावाकडच्या आई-वडिलांना पाठवायचे पैसे बंद करून? बहिणीच्या पोरांचे शिक्षण थांबवून? हा हिशेब पहिलीच्या वर्षी मांडला पाहिजे. सातवीत पैसे संपले आणि पोराला शाळेतून काढावे लागले, तर घाव आई-बापाच्या खिशावर कमी आणि लेकराच्या मनावर जास्त बसतो.

इथे कुणी म्हणेल, फी किती घ्यायची हा शाळेचा प्रश्न, परवडत असेल तर या, नसेल तर जा. नाही! महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा कायदा २०१४ पासून अमलात आहे आणि परदेशी मंडळाच्या शाळाही त्याच्या बाहेर नाहीत. या कायद्याने प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असलीच पाहिजे. समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांपैकी, शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. पालकांची निवड व्यवस्थापनाच्या मर्जीने नाही, चिठ्ठ्या टाकून. पुढच्या वर्षाची फी व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायची. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही.

शाळा पालकांना सर्रास सांगतात की १५ टक्के वाढ करण्याचा हक्क आम्हाला कायद्यानेच दिला आहे. कायद्यात असा हक्क कुठेही लिहिलेला नाही. तिथे १५ टक्क्यांचा उल्लेख वेगळ्याच कारणाने आहे. व्यवस्थापनाने मागितलेली फी आणि समितीने ठरवलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते, एवढाच त्याचा अर्थ. कायदा न वाचणाऱ्याला कायद्याच्याच नावाने कसे लुटता येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही!

मात्र याच कायद्यात पुढे एक पाचर मारली गेली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर फीविरुद्ध दाद मागायची तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. एकट्याच्या तक्रारीला दार बंद. शंभर पालकांच्या शाळेत पंचवीस सह्या, हजारांच्या शाळेत अडीचशे. आणि इथेच आपल्या पालकाचा खरा कस लागतो. अशा शाळेत तो बहुधा एकटा असतो. आपण कोण, कुठून आलो हे कळू नये म्हणून तो सभेत गप्प बसतो, मागच्या खुर्चीवर बसतो, चिठ्ठीत नाव निघाले तरी ‘वेळ नाही’ म्हणून नकार देतो. आम्ही त्याला सांगू इच्छितो : फी भरून तुम्ही कुणाचे उपकार घेतलेले नाहीत. समितीत नाव निघाले तर नाकारू नका. हिशेब मागा. इतर पालकांना कायदा समजावून सांगा. सभा चालवणे, ठराव लिहिणे, निवेदन देणे, सह्या गोळा करणे हे काम आपल्या समाजाने वस्तीवस्तीत पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ती आपली कमाई आहे. ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जाण्याचे कारण नाही.

आता थोडे कटू बोलायचे आहे. २००९ च्या कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या. अल्पसंख्याक शाळा वगळल्या तर परदेशी मंडळाच्या शाळांना या कलमात वेगळी सूट लिहिलेली नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना या जागांसाठी उत्पन्नाची अट नाही, आणि प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात. हा हक्क सहज टिकलेला नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत. म्हणजे मोठ्या शहरांत जवळजवळ सगळ्याच खासगी शाळा सुटल्या असत्या! पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्दच केली.

लढून राखलेल्या या जागांवर हक्क कुणाचा? कायद्याने दोघांचाही : नाका कामगाराच्या लेकीचा आणि अधिकाऱ्याच्या मुलाचाही. जातीमुळे येणारे वंचितपण पगाराने पुसले जात नाही, हे आम्ही पूर्णपणे मानतो, आणि आरक्षणाला उत्पन्नाची अट लावण्याच्या कुठल्याही प्रयत्नाला आमचा विरोध आहे. पण कायदा काय देतो हा एक प्रश्न आहे, आणि आपण आपल्याच बांधवाच्या ताटातून काय उचलायचे हा दुसरा. ज्याची फी भरण्याची ऐपत आहे, त्याने या सोडतीतून स्वतःहून बाजूला व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे सरकारने सांगायचे नाही, न्यायालयाने सांगायचे नाही. आपण आपल्याला सांगायचे आहे. उलट, शिकलेल्या घराने शेजारच्या वस्तीतल्या दोन घरांचे अर्ज भरून द्यावेत. जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जन्माचा दाखला यांतली एखादी त्रुटी राहिली की लेकराची जागा जाते.

आणि ज्याला सोडतीत जागा मिळेल, त्यानेही पुढचे पाहून ठेवावे. हा मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतचा आहे. नववीपासून पूर्ण फी मागितली जाते. लाखोंच्या फीच्या शाळेत हे संकट मोठे असते, म्हणून सातवीतच पुढची वाट ठरवावी. आठवीपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेला बसवता येत नाही, आणि दुसरीकडे जायचे तर शाळा सोडल्याचा दाखला अडवता येत नाही. हे पालकाच्या तोंडी पाठ असले पाहिजे.

परदेशी मंडळाच्या शाळेत मुलाला बारावीपर्यंत ठेवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. आयबी डिप्लोमाचे निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतात, केंब्रिजच्या मे-जून परीक्षेचे ऑगस्टमध्ये. इथल्या महाविद्यालयांचे प्रवेश तोवर कुठे पोचलेले असतात? भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता मिळण्यासाठी कुठले विषय, कुठल्या पातळीवर घ्यावे लागतात? वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी कुठून झालेली लागते? जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज शाळा वेळेत पुढे पाठवणार का? इथल्या आरक्षणाचा हक्क वापरायचा असेल तर हे प्रश्न अकरावीत नव्हे, प्रवेशाच्या दिवशी विचारायचे आहेत.

शिवाय जगाचे दार एकाच शाळेतून उघडते, हा समज तर काढूनच टाकावा. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून, म्हणजे सरकारी शाळेतून. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोचले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आजही राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या शिष्यवृत्त्या शाळेच्या पाटीवर काय लिहिले होते ते विचारत नाहीत. इयत्ता पहिलीत साठ लाखांचा रस्ता धरण्याआधी, त्यातल्या थोड्या पैशांत चांगली पुस्तके, चांगला इंग्रजीचा शिक्षक आणि घरात अभ्यासाचा कोपरा देता येतो का, हेही पाहावे.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी फीचाच हिशेब मांडला होता. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चापैकी ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होते, हे त्यांनी सरकारला दाखवले आणि हा शिक्षणाचा व्यापार आहे असे ठणकावले. शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके करा, ही त्यांची मागणी होती. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. ज्यांना ३६ टक्के टोचत होते, त्यांच्या नावाने जयजयकार करणाऱ्या राज्यात आज शंभर टक्के खर्च आणि वर नफा पालकांकडून वसूल होतो आहे, आणि आपण फक्त ‘परवडते का’ एवढेच विचारतो आहोत!

चांगली शाळा फुकट देता येत नाही, हे खोटे आहे. मुंबई महापालिकेने २०२० पासून आपल्या काही शाळांत सीबीएसई, आयसीएसई आणि पुढे केंब्रिज, आयबी हे अभ्यासक्रम सुरू केले. तिथे फी नाही. तिथल्या जागांसाठी लागणारी रांग काय सांगते? गरिबाला चांगले शिक्षण नको आहे, असे नाही. त्याला ते कुणी देत नाही, एवढेच. आणि राज्याने मोठा गाजावाजा करून काढलेले महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ २०२० मध्ये गुंडाळले गेले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पोरांच्या बाजूने किती आवाज उठला? आपण तेव्हा कुठे होतो?

म्हणून आमची तीन कामांची विनंती आहे. जानेवारी ते मार्च या काळात प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ शाळाप्रवेशाचे मदत केंद्र चालवा. तिथे २५ टक्के जागांचे अर्ज भरले जावेत आणि फीपत्रकेही वाचली जावीत. ज्यांची मुले अशा शाळांत आहेत, त्यांनी पालक-शिक्षक संघात उभे राहावे आणि सह्यांचे पंचवीस टक्के जमवून दाखवावेत. आणि आपल्या नगरसेवकाला, जिल्हा परिषद सदस्याला सर्वांनी एकच विचारावे : मुंबईत होते ते आमच्या वॉर्डात, आमच्या गटात का होत नाही? मत मागायला येणाऱ्याकडूनही उत्तर लेखीच घ्या. फीपत्रक वाचायला शिकलेला समाज जाहीरनामाही तसाच वाचेल.